रदरफोर्डच्या लॅबमधल्या तीन पिढ्या

एफ.ई.च्या पहिल्या आठवड्यात मी दरवर्षी वर्गाला एक प्रश्न विचारतो. रदरफोर्ड म्हटलं की काय आठवतं? उत्तर ठरलेलं असतं. सोन्याचा पत्रा, अल्फा कण, अणूचं केंद्रक आणि चार मार्क. खरं सांगायचं तर मीही वीस वर्षं तेवढंच शिकवत आलो. त्या चार मार्कांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे माझं लक्ष गेलं ते मागच्या वर्षी, आणि तेही माझ्याच एका चुकीमुळे.

झालं असं. विभागाची सूत्रं माझ्याकडे आली. ज्यांच्या हाताखाली मी नोकरीला लागलो, ज्यांनी मला पहिल्यांदा स्पेक्ट्रोमीटर लावायला शिकवला, ते आमचे सर निवृत्त झाले होते. पण घरी करमेना म्हणून रोज सकाळी दहाला ते लॅबमध्ये येऊन बसत. कोपऱ्यात त्यांचं एक टेबल होतं आणि त्यावर एक जुना ऑप्टिकल बेंच. नवीन कॉम्प्युटर आले, जागा हवी होती. मी शिपायाला सांगून ते टेबल स्टोअरमध्ये हलवलं. सरांना विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिकामा कोपरा पाहिला, चहा न घेताच परत गेले आणि पंधरा दिवस फिरकले नाहीत. इकडे नवीन लागलेल्या शिक्षकांची तक्रार होती की सर आमचं काही ऐकूनच घेत नाहीत. आणि लॅबचे मामा, जे माझ्याही आधीपासून इथे आहेत, ते कुणाशीच धड बोलत नव्हते. एका लॅबमध्ये तीन पिढ्या आणि मधे मी. सँडविचमधल्या काकडीसारखा.

त्या पंधरवड्यात लायब्ररीत रदरफोर्डचं एक जाडजूड चरित्र हाती लागलं. सहज चाळायला घेतलं आणि एका पत्राच्या उल्लेखापाशी थांबलो. त्या पत्राकडे येतोच, पण आधी माणसाची ओळख करून घेऊ. रदरफोर्डला मी इथे एकेरीत लिहिणार आहे, इतके दिवस सोबत राहिल्यावर अहो-जाहो जमत नाही. त्याच्या वडीलधाऱ्यांना मात्र मान देऊन लिहितो. त्यानेही तो कायम दिला.

अर्नेस्ट रदरफोर्डचा जन्म ३० ऑगस्ट १८७१ चा, न्यूझीलंडमधल्या नेल्सन गावाजवळचा. बारा भावंडांतला चौथा. वडील गाड्यांची चाकं बनवणारे कारागीर, आई शिक्षिका. घरात पैसा नव्हता, शिक्षण सगळं शिष्यवृत्तीवर झालं. क्राइस्टचर्चच्या कॉलेजात त्याने रेडिओलहरी ओळखणारं उपकरण बनवलं, पण पदव्या मिळूनही शाळेत कायमची नोकरी काही मिळेना. १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाच्या शिल्लक पैशांतून एक शिष्यवृत्ती दिली जायची. तीही त्याला पहिल्या फेरीत मिळाली नाही. निवड दुसऱ्याची झाली होती, त्याने ती नाकारली म्हणून रदरफोर्डचा नंबर लागला. बातमी आली तेव्हा तो शेतात बटाटे खणत होता आणि हा माझा शेवटचा बटाटा असं म्हणून त्याने कुदळ फेकली, असं सांगतात. खरं-खोटं कोण जाणे, पण आमच्या हॉस्टेलमध्ये वेटिंग लिस्टमधून आलेल्या पोरांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

१८९५ मध्ये तो केंब्रिजच्या कॅव्हेंडिश लॅबमध्ये आला. बाहेरच्या विद्यापीठांतून पदवी घेतलेल्यांना संशोधनासाठी घ्यायचं, हा नियमच तिथे त्या वर्षी नवीन झाला होता. नियम झाला म्हणून मनं बदलतात असं नाही. वसाहतीतून आलेला हा रांगडा पोरगा तिथल्या जुन्या डेमॉन्स्ट्रेटर मंडळींना खुपला. ते त्याची टर उडवायचे. यातल्या एकाच्या छातीवर माओरींचं युद्धनृत्य करायला आवडेल, अशा अर्थाचं काहीतरी त्याने होणाऱ्या बायकोला पत्रात लिहिलं होतं! सीनियर-ज्युनियर प्रकरण जगभर सारखंच.

लॅबचे प्रमुख होते जे. जे. थॉमसन. हे गृहस्थ स्वतः १८८४ साली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी कॅव्हेंडिशचे प्रोफेसर झाले होते. आपल्याहून वयाने मोठ्या माणसांवर प्रमुख म्हणून बसणं काय असतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी रदरफोर्डची बाजू घेऊन कुणाला झापलं नाही. त्याला त्याचं उपकरण सगळ्यांसमोर दाखवायला लावलं. ते पाहिल्यावर टर उडवणारेच त्याच्याकडे अडचणी विचारायला येऊ लागले. पुढे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर थॉमसननी त्याला स्वतःबरोबर कामाला घेतलं आणि रेडिओ मागे पडला. १८९८ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाला प्रोफेसर हवा होता, तिथे थॉमसननी त्याची शिफारस केली. वय वर्षं सत्तावीस.

मॅकगिलची लॅब तंबाखूच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याने बांधून दिली होती, आणि गंमत म्हणजे त्यालाच धूम्रपानाचा भयंकर तिटकारा. रदरफोर्डचा पाइप सुटत नसे. शेठजी येताहेत कळलं की आधी खिडक्या उघडायची धावपळ व्हायची. (रेक्टर म्हणून मला यातली दोन्ही बाजूंची अडचण समजते.)

इथे त्याने जो साथीदार निवडला तो पाहण्यासारखा आहे. फ्रेडरिक सॉडी हा तेवीस-चोवीस वर्षांचा रसायनतज्ज्ञ १९०१ मध्ये विद्यापीठातल्या एका जाहीर वादात रदरफोर्डच्या विरोधात उभा राहिला होता. अणूहून लहान काही असतं, हे त्याला मान्य नव्हतं. आपल्याकडे असा ज्युनियर पुढच्या प्रमोशनला आठवणीत ठेवला जातो. रदरफोर्डला थोरियममधून निघणाऱ्या वायूचा छडा लावायला रसायनतज्ज्ञ हवाच होता, त्याने यालाच धरला. दोघांनी दीड-दोन वर्षांत दाखवून दिलं की किरणोत्सारी मूलद्रव्य आपोआप दुसऱ्या मूलद्रव्यात बदलतं. त्या काळात हे म्हणजे लोखंडाचं सोनं होतं म्हटल्यासारखं. मॅकगिलच्या काही ज्येष्ठांना भीती वाटली की या पोरांमुळे विद्यापीठाचं हसं होणार. तेव्हा भौतिकशास्त्राचे प्रमुख जॉन कॉक्स भर बैठकीत उठून त्याच्या बाजूने बोलले. त्याला प्रयोगांना वेळ मिळावा म्हणून त्याच्या काही तासिका याच कॉक्सनी स्वतःकडे घेतल्या होत्या. कॉक्सचं नाव तुमच्या पुस्तकात कुठेही नाही. नसणारच.

याच लॅबमध्ये हॅरिएट ब्रूक्स ही त्याची पहिली पदव्युत्तर विद्यार्थिनी होती. पुढे न्यूयॉर्कच्या एका कॉलेजने तिचं लग्न ठरताच नोकरी सोडायला सांगितली, त्या सगळ्या काळात रदरफोर्ड तिच्या कामाच्या पाठीशी राहिला. तरी तिने शेवटी लग्नानंतर भौतिकशास्त्र सोडलंच.

आता माझ्या अत्यंत आवडीचा प्रसंग. सन १९०४, लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन. रदरफोर्ड व्याख्यानाला उभा राहिला. सभागृहात किंचित अंधार होता. डोळे सरावल्यावर त्याला समोर कोण दिसलं? लॉर्ड केल्विन! तापमानाच्या एककात तुम्ही रोज ज्यांचं नाव लिहिता ते. वय ऐंशीला टेकलेलं. पृथ्वी तापलेल्या गोळ्यासारखी हळूहळू निवत आली असं धरून केल्विननी तिचं वय काढलं होतं, दोन ते चार कोटी वर्षं. भूगर्भशास्त्रज्ञांना ते फार कमी वाटे, पण केल्विनपुढे बोलणार कोण? रदरफोर्डच्या व्याख्यानाचा शेवटचा भाग नेमका यावरच होता. खडकांतली किरणोत्सारी द्रव्यं सतत उष्णता देत असतात, त्यामुळे पृथ्वीचं वय केल्विन म्हणतात त्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकतं. म्हणजे म्हाताऱ्यांच्या तोंडावर त्यांचं गणित चुकलं म्हणून सांगायचं.

सुदैवाने केल्विनना डुलकी लागली. रदरफोर्डला हायसं वाटलं. पण नेमका तो मुद्दा आला आणि ते सरळ होऊन बसले, एक डोळा उघडून त्याच्याकडे रोखून पाहू लागले. त्या क्षणी त्याला एक गोष्ट सुचली. केल्विननी आपल्या जुन्या लेखात एक अट घातली होती, उष्णतेचा एखादा नवा स्रोत सापडला नाही तर हे वय खरं. रदरफोर्डने तेच सांगितलं. केल्विननी ही शक्यता आधीच बोलून ठेवली होती, आणि आज आपण ज्या रेडियमबद्दल बोलतोय तो तोच स्रोत आहे. म्हाताऱ्यांचा चेहरा खुलला.

मी हे वाचून बराच वेळ विचार करत बसलो. याला कुणी मस्का म्हणेल. मला तसं वाटत नाही, कारण त्याने आपला आकडा एका वर्षानेही खाली आणला नाही. जे म्हणायचं ते पूर्ण म्हटलं. फक्त केल्विनना त्यांच्याच कामातून बाहेर पडायला एक दार दाखवलं, आणि ते दार खोटं नव्हतं, त्यांनी स्वतःच ठेवलेलं होतं. केल्विननी किरणोत्साराचं हे स्पष्टीकरण पुढेही मनापासून स्वीकारलं नाही, ही गोष्ट वेगळी. १९०७ मध्ये ते गेले. आज पृथ्वीचं वय सुमारे साडेचार अब्ज वर्षं मानतात.

त्याच १९०७ साली रदरफोर्ड मँचेस्टरला आला, आणि तिथेही एका ज्येष्ठाचा हात होता. आर्थर शुस्टर हे तिथले प्रोफेसर. साठीही गाठली नव्हती, पण माझ्या जागी रदरफोर्डला आणणार असाल तर मी खुर्ची सोडतो असं त्यांनी विद्यापीठाला कळवलं. उत्तम लॅब, हान्स गायगर नावाचा तरुण जर्मन सहायक आणि विल्यम के नावाचा लॅब स्टुअर्ड, असं सगळं चालू स्थितीत सोडून ते बाजूला झाले. अशी माणसं असतात यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला.

के हा मुलगा असतानाच लॅबमध्ये लागलेला. शिक्षण बेताचं, पण हात जादूचे. व्याख्यानातले सगळे प्रयोग तो मांडायचा. रदरफोर्डच्या हाताला किंचित कंप होता, नाजूक जुळणी त्याला स्वतःला जमत नसे. महायुद्धाच्या काळात लॅब रिकामी झाली तेव्हा अंधाऱ्या खोलीत त्याच्याबरोबर बसून पडद्यावरच्या ठिणग्या मोजायला हाच के होता. १९१९ मध्ये जाहीर झालेला नायट्रोजन फोडण्याचा तो प्रसिद्ध प्रयोग प्रोफेसर आणि लॅब स्टुअर्ड या दोघांनी मिळून केलेला आहे. हे वाचलं त्या दिवशी मी आमच्या मामांना पहिल्यांदाच विचारलं, की या लॅबमधला कुठला प्रयोग नीट चालत नाही? मामांनी एका दमात सात सांगितले. वीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं म्हणे.

सोन्याच्या पत्र्याचा प्रयोग तुम्हाला पाठ आहे, पण तो केला कुणी? १९०९ मध्ये गायगरने रदरफोर्डला विचारलं की अर्नेस्ट मार्सडेनला काही छोटं काम द्यायचं का. मार्सडेन वीस वर्षांचा, पदवीही न झालेला. म्हणजे तुमच्या एस.ई.-टी.ई.चा. रदरफोर्डने त्याला दिलेलं काम असं होतं की अल्फा कण पत्र्यावरून मागे उसळतात का बघ. उसळतील अशी त्याची स्वतःची फारशी अपेक्षा नव्हती. पण प्रश्न खरा होता, उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. आपण प्रोजेक्टला उत्तर आधीच माहीत असलेले प्रश्न देतो, हा मोठा फरक आहे. सुमारे आठ हजारांत एक कण मागे उसळला. त्याचा अर्थ लावायला रदरफोर्डला दीड-दोन वर्षं लागली आणि १९११ मध्ये अणूला केंद्रक मिळालं.

त्याच सुमारास केंब्रिजला सव्वीस वर्षांचा एक डॅनिश तरुण थॉमसनांकडे आला होता. नील्स बोर. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने पहिल्याच भेटीत थॉमसनांच्या पुस्तकातल्या चुका त्यांना दाखवल्या. हेतू चांगला होता, पण थॉमसननी ते मनावर घेतलं नाही, आणि बोरचा प्रबंध त्यांच्या टेबलावरच्या ढिगात न वाचता पडून राहिला. लक्षात घ्या, हे तेच थॉमसन, ज्यांनी सोळा वर्षांपूर्वी रदरफोर्डला उचलून धरलं होतं. माणूस वाईट झाला नव्हता. वय झालं होतं आणि कामं वाढली होती. बोर मँचेस्टरला आला. रदरफोर्डला खरं तर निव्वळ कागदावर गणितं मांडणाऱ्यांबद्दल फारसं प्रेम नव्हतं, पण या पोराला त्याने ऐकून घेतलं. १९१३ मध्ये बोरने अणूवरचा लांबलचक निबंध पाठवला. रदरफोर्डने कळवलं की फार लांब झालाय, काटछाट करतो. बोर थेट डेन्मार्कहून बोटीने मँचेस्टरला आला आणि कितीतरी संध्याकाळ एकेका वाक्यासाठी भांडला. शेवटी रदरफोर्डने हात टेकले, निबंध जवळपास जसाच्या तसा गेला. इलेक्ट्रॉन कुठल्या कक्षेत जाऊन थांबायचं हे आधीच कसं ठरवतो, ही खोचक शंका मात्र त्याने विचारलीच. ती शंका अगदी मर्मावर होती.

महायुद्धाने ही लॅब विस्कटली. हेन्री मोझली, ज्याने क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांचे अणुक्रमांक पक्के केले, तो १० ऑगस्ट १९१५ ला गॅलिपोलीत मारला गेला. वय सत्तावीस. त्याला आघाडीवरून काढून संशोधनाच्या कामावर आणावं म्हणून रदरफोर्डने खटपट केली होती. गायगर जर्मन सैन्यात, मार्सडेन ब्रिटिश सैन्यात, आणि बर्लिनला शिकायला गेलेला जेम्स चॅडविक तिथे शत्रुदेशाचा नागरिक म्हणून घोड्यांच्या तबेल्यात चार वर्षं कैदेत.

आता ते पत्र. १९१८ मध्ये थॉमसन ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख झाले आणि कॅव्हेंडिशची खुर्ची रदरफोर्डला देऊ करण्यात आली. जगातली सगळ्यात मानाची लॅब. पण थॉमसनांना स्वतःचे प्रयोग त्याच इमारतीत चालू ठेवायचे होते. म्हणजे जुने साहेब शेजारच्या खोलीत, गुरू म्हणून, रोज. १९१९ च्या सुरुवातीला रदरफोर्डने थॉमसनांना लिहिलं. आशय असा की या जागेचे कितीही फायदे असले तरी आपल्या इतक्या वर्षांच्या मैत्रीत उघड किंवा आतल्या आत काही घर्षण झालं तर ते मला परवडणार नाही, तेव्हा लॅबची व्यवस्था, जागा, अधिकार कुणाचे हे आधीच स्पष्ट होऊ द्या. थॉमसननीही सरळ उत्तर दिलं, व्यवस्था पूर्णपणे तुझी. त्यांच्यासाठी खोल्या ठरल्या, त्यांचा मदतनीस ठरला. त्यानंतर अठरा वर्षं, रदरफोर्ड जाईपर्यंत, गुरू आणि शिष्य त्या एका संस्थेत नांदले.

आपल्याकडे वडीलधाऱ्यांशी असं लिहून-बोलून घेणं उद्धटपणाचं वाटतं. मलाही वाटायचं. म्हणून तर मी न विचारता टेबल हलवलं, विचारायचाच संकोच होता. पत्राबद्दल वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेलो. माफी मागितली आणि विचारलं, सर, लॅबमध्ये तुम्हाला नक्की काय हवंय? सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. टेबल खिडकीशी, आणि बेंचला कुणी हात लावायचा नाही. टेबल हलवल्यापेक्षा बेंचचं अलाइनमेंट बिघडवलंत याचं त्यांना जास्त वाईट वाटलं होतं. मीही माझी एक अट घातली, खरेदीच्या बाबतीत शेवटचा निर्णय माझा. सर हसले आणि आत चहा सांगितला.

कॅव्हेंडिशमधली रदरफोर्डची वर्षं म्हणजे एक मोठं एकत्र कुटुंबच. त्याच्याहून वयाने मोठे सी. टी. आर. विल्सन तिथे होते, अतिशय शांत आणि संथ. परदेशी जाताना निरोप घ्यायला गेलो तर हे काचेचा एक सांधा घासत होते, काही महिन्यांनी परत आलो तरी तोच सांधा घासत होते, असं रदरफोर्ड गमतीने सांगायचा. त्याने त्यांना कधी घाई केली नाही. विल्सनना १९२७ चं नोबेल मिळालं. दुसऱ्या टोकाला पीटर कपित्सा. १९२१ मध्ये रशियातून आलेला, घरची माणसं साथीत गमावलेला इंजिनिअर. जागा नाही म्हटल्यावर त्याने विचारलं म्हणे की तुमच्या प्रयोगांत चूक किती टक्के धरता? तीसएक माणसांत एक जास्त म्हणजे त्याच चुकीच्या मर्यादेत! त्याला जागा मिळाली. यानेच रदरफोर्डचं नाव मगर ठेवलं आणि १९३३ मध्ये नव्या लॅबच्या भिंतीवर चक्क मगर कोरून घेतली. नव्याने येणाऱ्यांना आधी चॅडविकच्या देखरेखीखाली माळ्यावरच्या खोलीत हात तयार करावा लागे, त्या खोलीला बालवाडी म्हणत. संध्याकाळी सहाला लॅब बंद, कुणाचंही काही ऐकून घेतलं जात नसे. घरी जा आणि विचार करा. रदरफोर्डचा आवाज एवढा मोठा की नाजूक काउंटर बिघडत, म्हणून हळू बोला अशी पाटी लावावी लागली. साहेबांसाठीच पाटी, आणि तिच्याखाली उभे साहेब, असा फोटो उपलब्ध आहे.

१९३२ हे वर्ष तर दिवाळीच. फेब्रुवारीत चॅडविकला न्यूट्रॉन सापडला, बारा वर्षांपूर्वी रदरफोर्डने वर्तवलेला. १४ एप्रिलला कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी यंत्राने वेग दिलेल्या प्रोटॉननी लिथियमचा अणू फोडला. कॉकक्रॉफ्ट मूळचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, कारखान्यात अप्रेंटिसशिप केलेला. काचेची नळकांडी पेट्रोलपंपांवरची, फटी बुजवायला प्लॅस्टिसीन. साठीतल्या अवाढव्य रदरफोर्डला त्या इवल्याशा निरीक्षणखोलीत कोंबून बसवलं आणि त्याने स्वतः ठिणग्या पाहिल्या. त्या वर्षांत मुंबईचा एक तरुणही तिथे संशोधन करत होता, होमी भाभा. त्याला घरच्यांनी १९२७ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात यावं म्हणून धाडलं होतं. त्याने पदवी पूर्ण केली आणि मग मन होतं तिकडे वळला.

इथपर्यंत वाचून मला रदरफोर्ड म्हणजे देवमाणूस वाटायला लागला होता. पण पुढची पानं तशी नाहीत. डिसेंबर १९३० मध्ये त्याची एकुलती एक मुलगी आयलीन बाळंतपणानंतर वारली. थोड्याच दिवसांत सरदारकी जाहीर झाली, त्या लॉर्डपणाचा आनंद घरात कुणाला होणार होता? त्याच सुमारास अमेरिकेत लॉरेन्सने सायक्लोट्रॉन बांधला. चॅडविकला केंब्रिजला तो हवा होता. रदरफोर्डने आयुष्यभर दोरा-लाखेवर, हाताने जुळवलेल्या उपकरणांवर काम केलेलं, पैशासाठी लोकांकडे जाणं त्याला आवडत नसे. तो नाही म्हणत राहिला. कपित्साच्या मोठ्या यंत्रांना त्याने पैसे उभे करून दिले होते, मग इथेच हात आखडता का, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. ब्लॅकेट १९३३ मध्ये लंडनला गेला, साहेबांच्या हुकमी वागण्याला कंटाळून. १९३५ मध्ये चॅडविकही लिव्हरपूलला गेला, सायक्लोट्रॉन बांधायला. १९३३ मध्येच अणूतून ऊर्जा मिळवण्याची भाषा म्हणजे कल्पनाविलास आहे असं रदरफोर्ड जाहीर सभेत म्हणाला. ते वर्तमानपत्रात वाचून चिडलेला पस्तीस वर्षांचा लिओ झिलार्ड लंडनच्या रस्त्याने चालता चालता साखळी प्रक्रियेच्या कल्पनेपर्यंत पोचला. रदरफोर्ड आता त्याच वळणावर आला होता, जिथे थॉमसन बोरसमोर उभे होते आणि केल्विन त्याच्या स्वतःसमोर. त्याला बाहेर पडायचं दार दाखवणारं मात्र कुणी भेटलं नाही. १९३६ मध्ये मोटारवाले ऑस्टिन यांनी अडीच लाख पौंडांची देणगी दिली आणि कॅव्हेंडिशलाही सायक्लोट्रॉन मिळायचा मार्ग मोकळा झाला. चॅडविक तोवर गेला होता.

आमच्या सगळ्यात नव्या मॅडमनी जुन्या जर्नलऐवजी प्रॅक्टिकल कशी घ्यावीत यावर बारा पानांचा प्रस्ताव दिलाय. सहा महिने तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता. न वाचता.

ऑक्टोबर १९३७ मध्ये हर्नियाचा जुना त्रास अचानक बळावला. शस्त्रक्रिया झाली, पण १९ तारखेला रदरफोर्ड गेला. सहासष्ट वर्षांचा होता. इटलीत बोलोन्याला वैज्ञानिकांची परिषद चालू होती, तिथे ही बातमी बोरने डोळ्यांत पाणी आणून सांगितली. येत्या जानेवारीत तो कलकत्त्याला इंडियन सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून यायचा होता. त्याच्या जागी जेम्स जीन्स आले.

त्याची रक्षा वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनच्या समाधीजवळ, केल्विनच्या शेजारी ठेवली आहे. थॉमसन त्याच्यामागे जवळजवळ तीन वर्षं जगले. ३० ऑगस्ट १९४० ला, रदरफोर्डच्या वाढदिवशीच, ते वारले, आणि त्यांनाही तिथेच जागा मिळाली.